लाल शाईच्या ओळी

"बाबा, इथे 'नाही' दाबते."

"'हो' दाब," जनरेटरवाला म्हणाला.

लेकीने मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. प्रश्न होता : 'तुमच्या पाळीत जनरेटर कधी सुरू व्हायचा राहिला आहे का?' खाली दोन चौकोन, हो आणि नाही.

"वाचलाय मी. मीच सुचवलेला प्रश्न आहे तो. दाब 'हो'."

तिने दाबले. पुढचा प्रश्न आलाच नाही. 'आपण दाखवलेल्या स्वारस्याबद्दल आभार' अशी ओळ आली आणि अर्ज मिटला. एकोणीस वर्षांच्या नोकरीची एका ओळीत बोळवण झाली.

इस्पितळाने यंत्रांची देखभाल नव्या कंपनीला दिली होती आणि जुन्या माणसांनीही नव्याने अर्ज करावेत, असे फर्मान निघाले होते. स्वतःच्याच जागेसाठी स्वतःच रांगेत उभे राहायचे! तेही त्याने गिळले होते. कारण महिन्यापूर्वी कंपनीची भरतीवाली बाई नाकाला रुमाल लावून तळघरात आली होती. "कामाचा माणूस कसा ओळखायचा? एखादा प्रश्न सुचवा," म्हणाली. त्याने हा सुचवला. वर बजावलेही, "जो 'नाही' म्हणेल त्याला दारातूनच हाकला. एकतर तो खोटारडा, नाहीतर त्यानं मशीनला कधी हातच लावलेला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो तिच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला. बसा म्हणायचे तिला सुचले नाही आणि त्यानेही खुर्ची ओढली नाही.

"अर्ज बाद झाला असेल तर माझ्या हातात काही नाही," संगणकावरची नजर न काढता ती म्हणाली. "नऊशे अर्ज आलेत, जागा तीन. प्रत्येकाची कहाणी वाचत बसले तर इथेच म्हातारी होईन. म्हणून तर हे प्रश्न घालतो आम्ही. चुकीचं उत्तर आलं की अर्ज आपोआप गळतो."

"चुकीचं उत्तर कोणतं धरलंत?"

"'हो'. मशीन बंद पडू देणारा माणूस कशाला हवाय आम्हाला?"

"मी काय सांगितलं होतं?"

तिची बोटे थांबली. तिने खणातून वही काढली, पाने उलटली. तिच्याच अक्षरात लिहिलेले होते : 'नाही म्हणेल तो बाद.' तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला. ते पाहून त्याला बरे वाटले, खोटे कशाला बोला.

"यादी वर गेलीय," ती आवाज खाली आणत म्हणाली. "साहेबांची सही झालीय. असं करा, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नंबरवरून पुन्हा अर्ज भरा. 'नाही' लिहा. तुमचा तेवढा मी आत सरकवते."

त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अकरा वर्षांपूर्वी मशीन चार मिनिटे उठले नव्हते. वरच्या मजल्यावर एका नर्सने ती चार मिनिटे हाताने फुगा दाबून एका बाईचा श्वास चालू ठेवला होता. बाई वाचली, पण तो कित्येक महिने धड जेवला नव्हता. बॅटरी रोज तपासायची, कुणी सांगो न सांगो, हे त्याने तेव्हा ठरवले. आता ती चार मिनिटे झालीच नाहीत, असे लिहायचे?

"माझं राहू द्या," तो म्हणाला. "तुमची चूक साहेबांना सांगणार का?"

"माझी नोकरी जाईल हो!"

"माझी गेलीच आहे."

आवाज चढलेला ऐकून साहेबच दारात आले. "काय चाललंय? यादीत काही चुकलंय का?"

बाईने त्याच्याकडे पाहिले, मग साहेबांकडे. वही मिटली.

"नाही सर."

"ती वही बघा साहेब," तो म्हणाला. "माझ्यासारखे किती बाद झालेत, तेही बघा."

"बाद झालेले सगळे हेच सांगतात," साहेब म्हणाले आणि घड्याळ बघत निघून गेले.

बाई वहीवर हात ठेवून बसली होती. त्याला तिचा मनापासून तिटकारा आला.

"पास झालात बाई," तो म्हणाला.

महिनाअखेरीला तळघरात नवा माणूस आला. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट. त्याने नोंदवही चाळली. निळ्या ओळींमध्ये कुठेकुठे लाल ओळी होत्या, एकोणीस वर्षांत अकरा. "हे काय?" त्याने विचारले.

"मशीन उठलं नाही ते दिवस. तुमचे असे किती?"

"एकही नाही," नवा ऐटीत म्हणाला.

"मग चला, चालू करून दाखवा."

नव्याने किल्ली फिरवली. मशीन गुरगुरले आणि गप्प झाले. त्याचा हात किल्लीवरच राहिला. जनरेटरवाल्याने पुढे होऊन बॅटरीची सैल तार आवळली, किल्ली पुन्हा फिरवली. तळघर धडधडू लागले.

मग त्याने लाल पेन काढले.

"काका, रोजची चाचणीच तर होती," नवा म्हणाला. "त्यात आज तुमचा शेवटचा दिवस. कशाला उगाच?"

त्याने वेळ लिहिली. 'पहिल्या प्रयत्नात उठले नाही. तार सैल होती, आवळली. रोज पाहावी.' खाली सही केली. पेन खिशाला लावून तो दारापर्यंत गेला, परत आला आणि पेन वहीवर ठेवून निघून गेला.