चाराला एक
"झाली चार मिनिटं," असं म्हणून ताई थांबलीच. थांबली म्हणजे चालायला लागली. धाकटी दहा-बारा पावलं पुढं निघून गेली होती. तोंड वाकडं करत तिला मागं यावं लागलं.

कालव्याकाठच्या या रस्त्यावर दोघी बहिणी अकरा वर्षं पळत होत्या. ताई शाळेत खेळाची बाई होती, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेली. धाकटी इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला. ताईचा खाक्या असा की एकदा पळायला लागलं की शेवटची रेष येईपर्यंत थांबायचं नाव नाही. शर्यतीत मधेच चालणाऱ्यांना ती 'बाजाराला निघालेली मंडळी' म्हणायची.

आणि या उन्हाळ्यात तीच ताई कुठूनशी नवी पद्धत शिकून आली. चार मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं, आणि तेही दमण्याआधीच. दमून चाललं तर ती हार, ठरवून चाललं तर ती शिस्त, असं ती वर्गात सांगावं तसं सांगे. हे कशासाठी म्हणून विचारलं, तर म्हणाली की तुझा गुडघा कुरकुरतो, जिना उतरताना मी ऐकलंय. गुडघा कुरकुरायचा हे खरंच होतं. तरी धाकटीला राग यायचा. इतकी वर्षं मागून धापा टाकत आल्यावर आत्ता कुठं ती ताईच्या बरोबरीनं पळू लागली होती, आणि नेमके आत्ताच ताईनं नियम बदलले. यात ताईचा काहीतरी डाव असावा, असंही एकदा तिच्या मनात येऊन गेलं.

मग एका मंगळवारी ती धुतलेल्या चादरींची गाडी ढकलत दुसऱ्या मजल्यावरून चालली होती. हृदयरोग विभागाबाहेरच्या बाकावर ताई बसलेली दिसली. मांडीवर मोठा पिवळा लिफाफा. धाकटीला बघताच तिनं तो पर्सखाली सरकवला, नापास झालेल्या पोरीनं निकाल लपवावा तसा.

धाकटीनं गाडी भिंतीला लावली आणि शेजारी बसली. मग एकेक बाहेर आलं. हृदयाची एक झडप आवळत चालली होती. ऑपरेशन पुढच्या महिन्यात होतं. तोवर सावकाश चाला, पण दम लागेल असं काही करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"आणि पळणं?"

"ते मी विचारलं नाही," ताई म्हणाली. "विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं."

 धाकटीच्या गुडघ्याचं पांघरूण घेऊन ताई तीन महिने स्वतःचा श्वास पुरवून पुरवून वापरत होती, आणि ही मात्र मनातल्या मनात चरफडत होती.

दहा किलोमीटरची शर्यत बारा दिवसांवर आली होती. धाकटी भांडली, रडली, ताईच्या मुलाला फोन करीन म्हणाली. ताईनं सगळं ऐकून घेतलं. ऑपरेशननंतर पळता येईल की नाही ते कुणी सांगत नव्हतं, तेव्हा एकदा शेवटचं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

"तू नको म्हण, मी नाही जाणार," ती म्हणाली. "पण ते तू म्हण. माझ्या पोराकडून म्हणवून घेऊ नकोस."

दोन अक्षरांचा तो शब्द, पण धाकटीच्या तोंडून काही निघेना. घड्याळ माझ्या हातात राहील, एवढीच अट तिनं घातली. पुढचे बारा दिवस इस्त्रीच्या रोलरमध्ये चादरी सारताना तिनं दोनदा बोटं भाजून घेतली.

शर्यतीच्या सकाळी, पहिल्याच खेपेला, घड्याळात अडीच मिनिटं झाली असताना ती म्हणाली, "चला, चार झाली." ताईशी ती आजवर खोटं बोलली नव्हती. ताईनं एकवार तिच्याकडं पाहिलं आणि चालायला लागली. पुढच्या खेपेला दोनच मिनिटं, मग दीड. तीस वर्षं शिट्टी वाजवत पोरांच्या वेळा घेतलेल्या बाईला हे कळलं नसेल असं कसं म्हणावं? पण दर खेपेला तीही चालायला लागली.

सगळे त्यांना मागं टाकून चालले होते. एक मुलगी, ताईचीच जुनी विद्यार्थिनी, पळता पळता ओरडून गेली, "बाई, चला ना, तुम्ही कशा काय चालताय?" ताईनं नुसता हात वर केला.

सहाव्या किलोमीटरनंतर धाकटीनं "चालू या" म्हटलं, आणि मिनिट उलटून गेलं तरी "पळू या" म्हटलं नाही. दोन मिनिटं गेली, तीन गेली. ताईचा चेहरा मातकट झाला होता.

"बोल की आता," ताई म्हणाली.

"नको, ताई."

इतक्या दिवसांचा अडकलेला शब्द अखेर निघाला. ताईनं मान हलवली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. थोड्या वेळानं तिनं धाकटीचा दंड धरला, आणि उरलेले चार किलोमीटर दोघी चालतच गेल्या. वाटेत तीनदा रस्त्याकडेच्या कठड्यावर टेकल्या.

त्या पोचल्या तेव्हा शर्यतीच्या शेवटाची कमान उतरवून झाली होती. एक माणूस दोरी गुंडाळत होता. इथून नको, पलीकडून जा, असं तो सांगू लागला, तेव्हा रेष कुठं होती ते ताईनं त्याला विचारलं. त्यानं बोट दाखवलं. चुन्याची रेष अर्धीअधिक पायांनी पुसली गेली होती. ताईनं टी-शर्ट खाली ओढून नीट केला, धाकटीचा दंड सोडला आणि ती एकटी रेष ओलांडून गेली.

मग ती पदपथाच्या कडेला बसली. बूट काढायला वाकली, पण श्वास पुरेना, तशी सरळ झाली. धाकटी तिच्या पुढ्यात खाली बसली. बुटाच्या नाडीची दुहेरी गाठ घामानं घट्ट बसली होती, सुटायला वेळ लागला. तोवर ताई समोरच्या रिकाम्या रस्त्याकडं बघत राहिली, आणि एक बूट निघाल्यावर तिनं दुसरा पाय आपण होऊन पुढं केला.