कौशल्याच्या गाड्या

स्टील प्लांटातून रिटायर झालेल्या केवलरामला वैशाली नगरच्या आपल्याच घरात चहाचा कप टेकवायला जागा उरली नव्हती. टीव्हीवर, फ्रिजवर, खिडकीत, जिकडेतिकडे त्याच्या बायकोने, कौशल्याने, बोटाएवढ्या लोखंडी मोटारी मांडून ठेवल्या होत्या. त्या दिवशी कुरिअरवाला आणखी एक डबा देऊन गेला. आत पांढरी फियाट होती.

"आता हे कुठं ठेवशीन? माह्या डोक्यावर?" केवलराम ओरडला. "एवढ्या गाड्या कावून पाहिजे तुले?"

"एक खरी होती ना," कौशल्या म्हणाली. "तिच्यावरच मी चालवायले शिकली. मी माहेरी गेली, तवा तुमी मले न विचारता विकून टाकली."

"त्याले तेवीस वर्षं झाली!"

"मले मालूम आहे."

केवलराम वैतागून बाहेर गेला आणि एक फळी घेऊन आला. बडबडतच त्याने ती भिंतीवर ठोकली. कौशल्याने फियाट वर ठेवली, तर ती घरंगळत टोकाला गेली.

"तिरपी लागली," ती म्हणाली.

"लागू दे!" असं म्हणत त्याने फळी सरळ बसवण्यासाठी खिळे उपटायला घेतले.