किंचाळणारे ब्रेक

धाकटा नोकरीसाठी दूर गेला, त्याला दोन वर्षं झाली. शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायची त्याची गाडी आता थोरला भाऊ चालवतो. ब्रेक पॅड पार झिजले, तेव्हा दुकानदाराने नवा जोड पुढे केला.

"हे घ्या, अगदी मुके आहेत. ट्रॅकवरही चांगले धरतात. तुमचे ते जुन्या जातीचे पॅड, तापलेले नसले की गल्लीभर किंचाळतात. शेजारी शिव्या घालत असतील."

शेजारी घालतच होते. पण कोपऱ्यावर ती किंकाळी उठली, की आई हातातलं काम टाकून धाकट्याचा कप काढते, आणि दारात थोरल्याला पाहून तो परत फळीवर ठेवते.

"किंचाळणारेच द्या," थोरला म्हणाला. "कोपऱ्यापासून दारापर्यंत, तेवढा वेळ तरी आमचा धाकटा घरी येत असतो."