गोडाचा त्याग

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मी गर्दी माझ्या ओळखीची, कारण अठरा वर्षं मी प्रयोगशाळेत याच बोटांना टोचत आले आहे. माझ्यासमोर कण्हणारी हीच मंडळी इथे हौसेने बोटं पुढे करून रांगेत उभी होती. काढेमहाराज दहा मिनिटांत साखर उतरवत होते, तीही मशीनवर, सगळ्यांदेखत.

रांगेत चर्चासत्रच भरलं होतं. निवृत्त मास्तरांचं मत, गोळी आणि काढा दोन्ही घ्यावं, एक नाही तर दुसरं लागू पडतं. शिंपीणबाई म्हणाल्या, झाडपाल्याने कसला अपाय, मग डॉक्टरांना सांगायचं कशाला, उगाच ओरडतात. एक गृहस्थ तर तपासणीच्या आठवड्यातच गोळ्या घ्यायचे. डॉक्टरांचं मन मोडू नये म्हणून. केवढं हे सौजन्य!

माझा जीव अडकला होता ताईत, माझ्या थोरल्या बहिणीत. पंधरा वर्षं ती इन्सुलिनवर. आठवड्यापूर्वी याच सभागृहात तिची साखर ३१२ वरून १४८ वर आली आणि घरी जाऊन तिने सुया कचऱ्यात टाकल्या. तेव्हापासून तिच्या पायाच्या अंगठ्यावरची जखम चिघळत होती. काढा आतली घाण बाहेर काढतोय, असं तिने मला समजावलं. मला, बरं का. आज ती महाराजांचे आभार मानायला आली होती आणि मी तिच्या मागोमाग, भांडायच्या तयारीने.

महाराजांची पहिली अट, सकाळचं औषध घेऊनच यायचं. एकदम सोडलं तर शरीर रुसतं म्हणे. मग प्रत्येकाच्या हातात एक संत्रं. खायचं नाही, सोलून टोपलीत टाकायचं.

"गोडाशी नातं तोडा," महाराज डोळे मिटून सांगत, "तेही आपल्याच हाताने."

लगेच बोट टोचून पहिला आकडा. मग काढा, मग कडू पानांच्या पाण्यात हात बुडवून ध्यान आणि मग दुसरा आकडा. टाळ्या. त्यागलेल्या संत्र्यांचा रस महाराज स्वतः पीत होते. दुसऱ्यांच्या त्यागाचं एवढं ओझं बिचारे एकटे वाहत होते.

आमच्याकडे बोट टोचण्याआधी मी प्रत्येकाला हात धुवायला पाठवते. त्यावरून लोकांची बोलणीही खाते. इथे मात्र रसाने चिकट झालेली बोटं तशीच टोचली जात होती. मी उठले, एक संत्रं सोललं आणि बोट पुढे केलं.

आकडा आला २८७.

"आत दडलेला रोग," महाराज हळहळले.

मी नळावर जाऊन साबणाने हात धुतले आणि परत बोट पुढे केलं. काढा नाही, ध्यान नाही. आकडा ९२.

"मला मधुमेह नाही," मी म्हणाले. "मशीनने आधी संत्र्याची साखर मोजली, आता माझी."

मास्तरांनी आपलं बोट हळूच चाटून पाहिलं. "गोड आहे," ते म्हणाले आणि नळाकडे गेले. अश्रद्ध माणसांवर कृपा चालत नाही, असं महाराज सांगू लागले, पण ऐकायला कोणी उरलं नव्हतं. सगळी रांग नळावर सरकली होती.

ताई तेवढी जागेवर बसून होती. "पण माझी १४८ तर पानांच्या पाण्यात हात धुतल्यावरचीच होती ना?"

"हो, ती खरीच होती. त्या सकाळी तू इन्सुलिन घेतलं होतंस. काम सुईने केलं ताई, सत्कार काढ्याचा झाला."

ती लंगडत नळावर गेली आणि हात धुऊन आली. आकडा आला ४३६. तिने माझा हात घट्ट धरला. मी तिला तिथूनच थेट रुग्णालयात नेलं. अंगठ्याचं एक पेर गेलं, पाय वाचला.

माझं भांडण पानांशी नाही. काढा प्यायचा तर आधी डॉक्टरांना सांगा, कारण कुठल्या औषधाचं कशाशी पटत नाही, ते त्यांना कळतं. चालू औषध आपल्या मनाने बंद करू नका. माझं नसेल ऐकायचं तर ताईला विचारा. चमत्काराची बातमी घेऊन कोणी आलं, की ती पायातला मोजा काढून अंगठा दाखवते आणि म्हणते, "आधी हात धुवा. जोडायचे की नाही, ते मग ठरवा."