कणसाची राख आणि सासऱ्यांचे दात

आमच्या फाउंड्रीच्या साहेबांना शोध लावायची खोड आहे. यंदा गाडी मक्यावर आली. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दाणे खाऊन टाकलेली बुरकुंडं त्यांनी जाळली, ती राख साच्याच्या वाळूत मिसळली आणि त्या दिवशीचे पंपाचे भाग इतके गुळगुळीत निघाले की घासणाऱ्यांना काम उरलं नाही. मग साहेबांनी पोत्यांनी बुरकुंडं आणून जाळली. माल निघाला खरबरीत.

"पहिली माणसांनी दातांनी खाल्लेली होती," साहेब म्हणाले. "सगळी गंमत दातांत आहे."

आम्ही माना डोलावल्या. फुकटचा मका कोणाला नको असतो? पण पाठोपाठ नियम निघाला. साचा भरणाऱ्याने आपल्या वाळूपुरती कणसं स्वतः खायची, नाहीतर घरी जायचं.

इथे आमचे सासरे अडकले. साचा भरण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, पण दात दोनच. एक वर डावीकडे, दुसरा खाली उजवीकडे. बोलचाल बंद असल्यासारखे.

मी भट्टीवर असतो. भट्टीआड बसून त्यांच्या वाटणीची कणसं मीच फस्त करायला लागलो. साहेबांनी बुरकुंडं उजेडात धरली.

"हे भट्टीवाल्याचे दात. पुढे फट आहे."

सासऱ्यांना त्याच दिवशी घरी पाठवलं. बायको माझ्याशी बोलेना, जणू त्यांचे दात मीच पाडले. सासरे स्वयंपाकघरात टेबलाशी बसून राहिले.

"जावईबापू, हात कुठे ठेवावेत तेच कळत नाही हो," ते म्हणाले. 

इकडे कारखान्यात दात उदंड झाले आणि हात कमी पडले. मोठे साचे धडाधड ढासळू लागले. साहेब कोंडीत सापडले, पण नियम मागे घेतील ते साहेब कसले!

"नियम माणसांना आहे," ते म्हणाले. "हातोडीला दात आहेत का, असं कोणी विचारतं?"

झालं. सासऱ्यांची नोंद हत्यारांत झाली. हत्यारांच्या खोलीत चाळण्या आणि वाळू ठोकायची धुमस यांच्या मधोमध त्यांना स्टूल मिळालं. हत्यार नेणाऱ्याचा बिल्ला त्या जागी राहतो, म्हणून रोज सकाळी मी माझा पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा, सही करायची आणि सासरे घेऊन जायचे.

"माझ्या बाबांना चाळणीशेजारी ठेवतात, आणि तुम्ही सही करता?" बायको कडाडली. तिचं काय चुकलं? माझंही डोकं फिरलं होतं. सासरे मात्र डबा घेऊन निघाले.

पहिल्या संध्याकाळी त्यांना परत करायला गेलो तो भांडायच्या तयारीनेच. हत्यारं सांभाळणारा म्हातारा नियमाला पक्का, तपासल्याशिवाय काही परत घेत नाही. त्याने चष्मा पुसला, सासऱ्यांचा उजवा हात दिव्याखाली ओढला, उलटासुलटा केला, एकेक बोट हलक्या हाताने वाकवून पाहिलं. अंगठ्यावर भाजल्याचा डाग होता, तिथे थांबला.

"हे आजचं? दुखतंय का?"

सासऱ्यांचा उभा जन्म या कारखान्यात गेला, पण हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

"थोडं," ते म्हणाले, आणि डावा हात त्यांनी आपणहून पुढे केला.