बोर्डाखालची बशी

मी एक बशी बोलतेय. बोलावं की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. बशीचं काम सांडलेलं झेलायचं, मत मांडायचं नव्हे. शिवाय माझं मत चुकीचंही असू शकेल. तरी ऐका.

आम्ही सहा कप आणि सहा बश्या, निळ्या काठाच्या. धुळ्याच्या बाजारातून नरडाण्याजवळच्या एका पाइपच्या कारखान्यात आलो. तिथल्या ऑफिसात चहा आणि झाडलोट लिलाबाईकडे. स्वतःचा चहा ती सगळ्यांच्या नंतर प्यायची, बशीत ओतून, लांब फुंकर मारून. ती बशी बहुधा मीच असायचे. माझे तेच चांगले दिवस, असं वाटतं. खात्री नाही. मागचे दिवस सगळ्यांनाच चांगले वाटतात.

एकदा चहा नेताना लिलाबाईला खोकल्याची उबळ आली आणि माझा कप फुटला. मॅनेजर बन्सीलाल नाना म्हणाले, "बशी फेकू नको. येईल कामाला."

आले कामाला. नानांच्या टेबलावर, सिगरेटची राख झेलायला.

माझ्या बरोबर वर भिंतीवर बोर्ड होता. ‘येथे धूम्रपान करणे गुन्हा आहे. तक्रार यांच्याकडे करावी’, आणि खाली नाव नानांचंच. कायदा दिल्लीत झाला, बोर्डावर छापला गेला आणि आमच्याकडे येऊन खिळ्याला लटकला. तिथून पुढे तो हलला नाही. नानांना मात्र बोर्डाचा मोठा अभिमान. दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली की ते बोर्डालाही झेंडूची माळ घालायचे, दोन पावलं मागे येऊन माळ सरळ आहे ना बघायचे, आणि समाधानानं सिगरेट पेटवायचे.

आत एसी, म्हणून खिडक्या बंद. धूर जाणार कुठे? काही एसीत, बाकीचा लिलाबाईच्या छातीत.

तपासणीची कुणकुण लागली की मी ड्रॉवरमध्ये आणि टेबलावर उदबत्ती. एकदा आलेले साहेब म्हणाले, "वा, काय प्रसन्न वातावरण आहे!" चहा झाल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "राख कुठे झटकू?" नानांनी मला बाहेर काढलं. मी त्यांचीही राख झेलली. आता वाटतं, निदान पडून फुटायला हवं होतं.

लिलाबाई एकदा म्हणाली, "नाना, जरा बाहेर जाईसन वढा ना."

नाना हसले. "लेखी तक्रार दे. वाच बोर्ड. माझ्याकडेच द्यायची आहे."

तिची फुंकर आखूड होत गेली. शेवटी ती धुळ्याला जाऊन आली आणि कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या सुलक्षणाला सांगू लागली, "डॉक्टर इचारे, किती वरीस बिडी वढी? मी म्हनं, दादा, मी फक्त झाडू मारस." डॉक्टरांनी बजावलं होतं, याच हवेत राहिलात तर काम सोडावं लागेल. आणि काम सोडलं तर चूल कशी पेटणार?

सुलक्षणा म्हणाली, "अक्का, बोर्ड दिल्लीचा आहे. तिथवर तुझा खोकला ऐकू जात नाही. जिथे ऐकू जातो तिथे जाऊ."

तिनं ग्रामसभेसाठी अर्ज लिहिला. गावाच्या हद्दीत कारखाना असो की दुकान, कामाच्या जागी छपराखाली कुणी ओढायचं नाही. ओढलं तर दंड. आणि तक्रार ऐकणारा माणूस त्या ऑफिसातला नसावा.

ग्रामसभेत लिलाबाईनं मला, न धुता, सरपंच भागाबाईंच्या टेबलावर ठेवलं. "वढतस तुम्ही आनि खोकस मी," एवढंच ती बोलली. तेवढ्यानंही तिला धाप लागली.

नाना तावातावानं उठून टेबलापाशी आले. "गावाला वेगळा नियम कशाला? देशाचा कायदा आहे! आमच्या ऑफिसात बोर्ड आहे, त्यावर माझं नाव आहे! आमच्याकडे कुणी ओढतच नाही!" बोलण्याच्या भरात त्यांनी सिगरेट कधी पेटवली, ते त्यांनाही कळलं नसावं. वाक्य संपलं, आणि हात सवयीनं टेबलाकडे आला. टक् टक्. राख माझ्यात.

 मागून कुणाला तरी हसू फुटलं, आणि सगळं गाव हसलं.

भागाबाई हसल्या नाहीत. "नाना, आते तक्रार कोनाकडे करानी?"

ठराव मंजूर झाला. बोर्डावर नानांच्या नावावर रंग फिरवून भागाबाईंचं नाव आलं. नाना आता फाटकाबाहेर लिंबाखाली जातात. उन्हाळ्यात तिथे चार वेळा जाणं जड पडतं, म्हणून दोनदाच जातात. खिडक्या रोज तासभर उघड्या असतात.

मला सुलक्षणा फेकणार होती. लिलाबाई म्हणाली, "बशीना काय गुन्हा शे?" तिनं मला चुलीतल्या राखेनंच घासलं, उकळत्या पाण्यातून काढलं. मधला करपट डाग गेला नाही. गुन्हा नाही, हे ती म्हणते. मला अजून तितकीशी खात्री नाही.

एकच विनंती. फुटक्या कपाची बशी ‘येईल कामाला’ म्हणून टेबलावर ठेवू नका. ती येते कामाला.

परवा लिलाबाईनं माझ्यात चहा ओतला आणि फुंकर मारली. दुसऱ्या फुंकरीला खोकला आला. पण पहिली पुरी झाली.