मोठ्या आईवर चार शब्द

"ईश्वर त्यांच्या आत्म्यास चिरशांती देवो," अनंत मेश्रामने मोबाईलवरून वाचलं आणि मगच त्याला कळलं, आपण काय वाचलं ते.

 विहाराच्या हॉलात समोर बसलेल्या भंतेजींनी मान खाली घातली. पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला जमलेल्या बौद्ध मंडळींसमोर ईश्वर आणि आत्मा, दोघेही एकाच वाक्यात! आणि तेही सिंधूताईंच्या नावाने. अनंतच्या आईची ही थोरली बहीण, म्हणून त्याची मोठी आई. छप्पन साली उमरेडहून बापाच्या खांद्यावर बसून दीक्षेला आलेली. जेवायला बसलेल्या पाहुण्याने देवाचं नाव काढलं, तरी त्याला सरळ करायची. आई गेल्यावर अनंतला तिनेच वाढवलं. त्यामुळे पहिलं बोलणं त्याचंच ठरलं होतं.

अनंत बांधकाम खात्यात बाबू. ऑफिसच्या संगणकावर ब्राउझरमध्ये नवं बटण आलं होतं. ते दाबलं की यंत्रच मजकूर लिहून द्यायचं, लांबलचक जीआरचा सारांश काढून द्यायचं. खोटं कशाला बोला, कामाचं होतं. साहेबांनीही पाठ थोपटली होती. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायची सवय लागली. आदल्या दिवशी घरी निघता निघता त्याने तिथेच टाकलं: मावशीचं निधन, भावपूर्ण भाषण हवं. चहा निवायच्या आत भाषण हजर. इतकं गोड, की त्याने ते वरवरच पाहिलं आणि मोबाईलवर घेतलं.

जेवताना त्याला कोणी काही बोललं नाही. तेच जास्त लागलं. सांगावं तरी काय? हे माझं नाही म्हणावं, तर जिने वाढवलं तिच्यासाठी चार शब्दही उसने आणले, असं होणार. गप्प राहावं, तर पोरगा धम्म विसरला म्हणतील. त्याने ताटातली खीर तशीच ठेवली.

लोक पांगल्यावर मोठे बाबा, म्हणजे सिंधूताईंचे यजमान, त्याच्या शेजारी येऊन बसले.

"आत्मा कुठून आणला गा?"

"मी नाही लिहिलं, मोठे बाबा. कम्प्युटरनं लिहून देलं. मी नीट वाचून पण नाही पाह्यलं."

 मोठे बाबा हळूच म्हणाले, "तिच्याबद्दल तुले स्वतःले काहीच नाही सुचलं काय?"

 अनंत खाली बघतच बोलला, "दहावीच्या पेपरले निघालो, तं शेजारची काकू दही घेऊन आली. मोठ्या आईनं वाटी घेतली अन् म्हणे, अभ्यास केला असन तं दही कायले पायजे? अन् नसन केला, तं दही काय करते? मंग त्याच दह्याची कढी केली."

मोठे बाबा हसले. हसता हसता त्यांनी दुपट्टा डोळ्यांना लावला.

"हेच बोलाचं होतं गा तिथं."

समोर रिकामा हॉल होता. खुर्च्या गोळा करणारा माणूस येऊन उभा राहिला, तेव्हा दोघेही उठले आणि आपापली खुर्ची त्यांनी त्याच्या हाती दिली.